बातमीचा तास

धाकटीला शाळेत आणलं ते थोरलीनेच. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून थोरली नुसतीच दुष्ट वाटेल, आणि तशी ती नव्हती.

थोरली एकोणीस वर्षं चौथीला शिकवत होती. तिच्या अक्षराचं शाळेत नाव होतं. फाटकाजवळच्या फळ्यावर रोजचा सुविचार तीच लिहायची आणि मुलांना सोडायला आलेले पालक बोट दाखवून सांगायचे, "बघ, असं काढायचं अक्षर." धाकटी तिच्याहून सात वर्षांनी लहान. अकरा वर्षं एका वर्तमानपत्रात उपसंपादक होती. मग एका दुपारी त्या कचेरीने चौदा जणांना एकदम घरी पाठवलं, त्यात तीही होती. खोलीचं भाडं परवडेना म्हणून ती दोन बॅगा घेऊन थोरलीकडे राहायला आली. थोरलीचा नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. घरात थोरली आणि तिची नऊ वर्षांची लेक. एक माणूस सहज मावण्यासारखं होतं.

त्यातच चौथी 'ब'च्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. थोरली मुख्याध्यापकांकडे जाऊन म्हणाली, "माझी बहीण आहे, सर. शिकवण्याचा अनुभव नाही, पण हुशार आहे. शिवाय मी शेजारच्या वर्गात आहेच."

पहिले पंधरा दिवस चौथी 'ब'मध्ये नुसता बाजार भरला होता. 'अ' आणि 'ब'च्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे पलीकडे पेन्सिल पडली तरी इकडे ऐकू येई. गोंगाट फारच वाढला की थोरली उठून 'ब'च्या दारात नुसती उभी राहायची. वर्ग चिडीचूप.

"ताई, तू काय करतेस गं असं?" धाकटी संध्याकाळी विचारायची. "मी घसा फोडून ओरडते तर ढिम्म हलत नाहीत, आणि तू नुसती आलीस की गप्प."

"होईल हळूहळू," थोरली म्हणायची. अंगावर मूठभर मांस चढलेलं असायचं. रात्री बहिणीच्या पाठाचं टाचण ती स्वतः काढून द्यायची, आणि तेव्हा तिचं बहिणीवर खरोखरच प्रेम उतू जात असे.

तिसऱ्या गुरुवारी धाकटी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काखेत मारून वर्गात गेली. थोरली पलीकडे भागाकार शिकवत होती. दहा मिनिटं झाली तरी पार्टिशनपलीकडून आवाज येईना, तेव्हा तिला काळजीच वाटली. मग धाकटीचा आवाज आला.

"काय मथळा आहे?"

"शहरात भटक्या कुत्र्यांचा हैदोस!" तीसेक पोरं एका सुरात ओरडली.

"हैदोस म्हणजे?"

"धिंगाणा, बाई. लई धिंगाणा."

"बरं. आता बातमी वाचा आणि मला सांगा, कुत्री किती होती?"

पानांची सळसळ झाली. मग एका मुलीचा बारीक, गोंधळलेला आवाज आला. "बाई, दोन."

"दोनच?"

"एक काळं आणि एक तपकिरी. आणि ती चावली नाहीत. एका काकांची पिशवी पळवली."

"मग शहरभर हैदोस कोणी घातला?"

कोणीतरी म्हणालं, "बाई, मथळा लिहिणाऱ्याने!" चौथी 'ब' हसून हसून लोटपोट झाली. आणि नुसती तिकडचीच नव्हे. थोरलीने मागे वळून पाहिलं तर तिच्या वर्गातली पोरंही तोंडावर वह्या धरून हसत होती. फळ्यावरचा भागाकार अर्धाच राहिला होता आणि त्याच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

थोरलीच्या पोटात काहीतरी टोचलं. ते टोचणं तिच्या ओळखीचं होतं. लहानपणी वडिलांची नजर गेली तेव्हा सकाळचं वर्तमानपत्र त्यांना वाचून दाखवण्याचं काम थोरलीकडे आलं होतं. ती एकही शब्द न चुकता, स्वल्पविरामाला थांबून, स्पष्ट वाचायची. दोन वर्षं वाचलं. मग एके दिवशी धाकटी मध्येच पान ओढून वाचायला लागली, अडखळत, नको तिथे हसत, स्वतःचं मत घालत. दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "आज धाकटीला वाचू दे गं. ती वाचते तेव्हा काय झालं ते कळतं." थोरली तेव्हा चौदा वर्षांची होती. आता वडील नव्हते, तिच्या केसांत पांढरं आलं होतं, पण ते वाक्य जसंच्या तसं होतं.

गुरुवारचा तास 'बातमीचा तास' म्हणून ओळखला जाऊ लागला. मुलं घरून कात्रणं आणायला लागली. धाकटीने त्यांना सांगून ठेवलं होतं की बातमी हातात आली की आधी विचारायचं, हे सांगतंय कोण, त्याने स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं, आणि कोणाला विचारायचं राहून गेलंय. पोरांना तो खेळच झाला. आणि थोरलीची लेक 'ब'मध्येच असल्यामुळे, आईच्या वर्गात मुलीला बसवत नाहीत म्हणून, हा खेळ घरात जेवणाच्या टेबलापर्यंत आला.

"भाजी महाग झालीये," थोरली म्हणायची.

"कोण म्हणालं?" लेक विचारायची. "एकाच भाजीवाल्याला विचारलंस की दोघांना?"

धाकटी हसायची. थोरलीही हसायची, पण दातांनी. पूर्वी लेक संध्याकाळी आईच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि तिच्या अक्षरावरून गिरवायची. आता ती मावशीसोबत जमिनीवर पालथी पडून कात्री चालवत असे. "मावशी म्हणते" हे दोन शब्द दिवसातून किती वेळा कानावर पडतात, हे थोरली नकळत मोजायला लागली.

एका गुरुवारी तिनेही वर्गात वर्तमानपत्र नेलं. मुलं टुणकन सरळ बसली. तिने कठीण शब्दांखाली रेघा मारायला सांगितल्या आणि अर्थ लिहायला सांगितले. पाच मिनिटांत वर्ग मलूल झाला. पहिल्या बाकावरच्या मुलीने धीर करून विचारलं, "बाई, आपण शोधायचं कधी?"

"काय शोधायचं?"

"त्या बाई शोधायला लावतात ना, तसं."

"त्या बाई त्या वर्गात," थोरली म्हणाली, आणि पुन्हा वर्तमानपत्र वर्गात नेलं नाही.

दरवर्षी जानेवारीत आसपासच्या आठ शाळांचे शिक्षक नमुना पाठ बघायला जमायचे. गेली सात वर्षं तो पाठ थोरली घेत होती. यंदा मुख्याध्यापकांनी दोघींना खोलीत बोलावलं. धाकटीकडे बघून म्हणाले, "यंदा तुमचा बातमीचा तास ठेवू. शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. सगळ्या शाळांत फिरून शिक्षकांना हे शिकवायला कोणीतरी हवं आहे त्यांना. पक्की जागा आहे. बघा, नशीब उघडेल." मग थोरलीकडे वळून ते मनापासून म्हणाले, "आणि तुम्ही स्वागताचा फळा लिहा. तुमच्या अक्षराला तोड नाही!"

"हो सर," थोरली म्हणाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. बाहेर व्हरांड्यात धाकटीने तिचा हात धरला. "ताई, तुला वाईट वाटलं का? मी नाही म्हणू?"

"छे गं. कशाचं वाईट?"

खरं उत्तर दिलं असतं तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं.

पाठाच्या तीन दिवस आधी, शाळा सुटताना, एक बाई फाटकाशी थोरलीची वाट बघत थांबल्या होत्या. त्यांचा मोठा मुलगा पूर्वी थोरलीच्या वर्गात होता, आणि मुलगी आता चौथी 'ब'त होती, दोन घट्ट वेण्या घालणारी, बारीक आवाजाची. त्या हलक्या आवाजात बोलल्या. जुन्या बाजारामागच्या कापडाच्या गोदामाला आग लागली, तिथे त्यांचे यजमान वॉचमन होते. मालकाने त्यांना कामावरून काढलं. "पेपरातही आलंय, बाई. नाव नाही दिलं, तेवढीच मेहेरबानी. पोरीला इतकंच सांगितलंय की बाबा सुट्टीवर आहेत. ती वर्गात गप्प गप्प वाटली तर जरा सांभाळून घ्या."

थोरलीची लेक दप्तर पाठीला लावून शेजारीच उभी होती. "तू हे कोणाला बोलायचं नाहीस हं," थोरलीने घरी जाताना तिला बजावलं. लेकीने मान डोलावली. थोरलीने ते चांगल्या मनानेच सांगितलं होतं.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी धाकटीने निवडलेली बातमी थोरलीपुढे ठेवली. "उद्या हिच्याच झेरॉक्स वाटणार आहे. वाचून बघ ना, शुद्धलेखनाची चूक असेल तर मुलं मलाच पकडतील."

मथळा होता, 'रखवालदाराच्या डुलकीने गोदाम भस्मसात'.

थोरलीने बातमी वाचली. पुन्हा वाचली. जुना बाजार, कापडाचं गोदाम. मालकाचं म्हणणं होतं की रखवालदार झोपला होता. रखवालदाराचं म्हणणं कुठेच नव्हतं, म्हणूनच तर धाकटीने ती निवडली होती. धाकटी नवीन, कोणत्या मुलाचे वडील काय करतात हे तिला कुठून ठाऊक असणार? समोर बसून ती नखं कुरतडत होती, लहानपणी परीक्षेच्या आधी कुरतडायची तशी. थोरलीने फक्त तोंड उघडायचं होतं. 'ही नको, दुसरी घे.' चार शब्द. तिने लाल पेन उचललं, एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

"बाकी ठीक आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी 'ब'च्या वर्गात मागे खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब मधल्या खुर्चीवर, थोरली भिंतीला टेकून. तास सुरेख रंगला. एका मुलाने सांगितलं की ही सगळी माहिती एकट्या मालकाची आहे. दुसरा म्हणाला की मालक त्या पहाटे तिथे नव्हताच, तर झोपलेला माणूस त्याला दिसला कसा? साहेब चक्क पुढे सरकून बसले. थोरलीची लेक मात्र हात वर करत नव्हती. ती सारखी मागे वळून आईकडे बघत होती. थोरलीने नजर फळ्यावर ठेवली.

"आणखी काय विचाराल?" धाकटी म्हणाली.

"वॉचमन किती होते?" कोणीतरी विचारलं. "कुत्र्यांसारखं, बाई. मोजायला पाहिजे." सगळे हसले.

तेव्हा दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "बाई, तिथे एकच वॉचमन आहे." तिने कागद नाकापर्यंत नेऊन पुन्हा बघितला. "माझे बाबा."

कोणी हसलं नाही. मुलगी उभीच राहिली. बाबा सुट्टीवर का आहेत, हे बहुधा त्याच क्षणी तिला कळत होतं. मग ती खाली बसली आणि तिने बाकावर डोकं टेकलं.

थोरलीला पहिल्यांदा काय वाटलं, तर आनंद झाला. डोळ्याची पापणी लवेपर्यंतच, पण झाला. फजिती झाली एकदाची! आणि लगेच तिला स्वतःची शिसारी आली.

धाकटीने खडू खाली ठेवला. "आजचा तास मी इथेच थांबवते," ती म्हणाली.

"अहो, ऐन रंगात आलाय," साहेब म्हणाले. "त्या मुलीला जरा बाहेर बसवा आणि चालू द्या पुढे. आम्ही लांबून आलोय."

"नाही, साहेब. चूक माझी आहे. मी आधी चौकशी करायला हवी होती." तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, तिला उठवलं आणि वर्गाबाहेर घेऊन गेली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि घड्याळ बघितलं.

शिक्षकांच्या खोलीत धाकटी हात धूत होती. खडू केव्हाच निघाला होता तरी चोळत होती. "अकरा वर्षं हेच काम केलं मी, ताई. बातमीच्या पलीकडे कोण बसलंय हे बघायचं. आणि माझ्याच वर्गात..." तिने नळ बंद केला. "तुला माहीत होतं का गं, तिच्या वडिलांचं?"

"नाही," थोरली म्हणाली.

संध्याकाळी लेक जेवेना. ताटातलं चिवडत बसली. थोरलीने दोनदा दटावलं तेव्हा ती एकदम रडायला लागली. "तुला माहीत होतं! तिची आई फाटकाशी आली होती. तू मला म्हणालीस कोणाला सांगायचं नाही, म्हणून मी मावशीला नाही सांगितलं. मी तुझ्याकडे किती वेळा बघितलं वर्गात!"

धाकटीने घास खाली ठेवला. ती बहिणीकडे वळली.

"काल मी कागद दिला, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि तू वेलांटी दुरुस्त केलीस."

"हो."

"का गं, ताई?"

थोरलीला वाटलं की आता वडिलांच्या त्या वाक्याचं सांगावं, नमुना पाठाचं सांगावं, लेकीचं सांगावं. पण ते सगळं एवढंसं वाटलं. "तुझं सगळं चांगलं चाललं होतं," ती म्हणाली. "मला बघवेना."

"मग मला मारायचं होतंस. चार लोकांत अपमान करायचा होतास. ती पोर मध्ये कशाला घेतलीस?" धाकटी उठली, ताट मोरीत ठेवलं आणि बाहेरच्या खोलीचं दार लावून घेतलं.

सकाळी शाळेच्या आधी थोरली त्या मुलीच्या घरी गेली. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एकच खोली. वॉचमनने स्वतः दार उघडलं, खुर्ची पुसून दिली. मास्तरीणबाई घरी आल्या म्हणून तोच ओशाळला होता. थोरलीने बसायच्या आत सगळं सांगून टाकलं. आपल्याला ठाऊक होतं, आपण बोललो नाही, बहिणीचा दोष नाही.

तो खाली बघत ऐकत होता. मग म्हणाला, "झोपलो होतो, बाई. खोटं कशाला बोलू? सलग दुसरी पाळी होती, पहाटे डोळा लागला. पण आग वायरीने लागली. ती वायर उघडी आहे हे मी तीनदा सांगितलं होतं, एकदा तर लिहूनही दिलं होतं. अग्निशमनवाल्यांना फोन पण मीच केला."

"हे कोणी विचारलं नाही तुम्हाला?"

"कोण विचारणार?"

मुलगी आईच्या मागे उभी होती, वेण्या अजून घालायच्या होत्या. "बाई, तुम्ही आमच्या बाईंना का नाही सांगितलं?" तिने विचारलं.

"मला तुझ्या बाईंचा हेवा वाटत होता," थोरली म्हणाली. एवढ्याशा पोरीला सांगायला दुसरं काही खरं नव्हतं.

मुलीने विचार केला. "मला पण वाटतो कधीकधी, दादाचा," ती म्हणाली. "पण मी त्याची फक्त वही लपवते."

तिची आई "गप गं" म्हणाली. थोरली मान खाली घालून जिना उतरली.

तिथून ती थेट मुख्याध्यापकांकडे गेली आणि तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच म्हणाले. त्यांनी साहेबांना पत्र लिहिलं, पण त्यांचा शेरा आधीच वरच्या कचेरीत गेला होता आणि ती जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली. धाकटीने मात्र एक काम केलं. ती वॉचमनकडे दोनदा जाऊन बसली, त्याच्या तक्रारीच्या अर्जाची प्रत मिळवली आणि जुन्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याला गाठलं. पंधरा दिवसांनी सातव्या पानावर चार ओळी आल्या, की वायरिंगबद्दल रखवालदाराने आधी लेखी कळवलं होतं. जुनी नोकरी परत मिळाली नाही. पण ते कात्रण खिशात घालून तो दुसऱ्या इमारतीत काम मागायला गेला, आणि तिथे त्याला ठेवून घेतलं.

सत्र संपल्यावर रजेवरच्या बाई परत आल्या. धाकटीला बसने चार तासांवरच्या एका शाळेत जागा मिळाली. दोघी बोलत होत्या, पण डबा, किल्ली, दूधवाला, एवढ्यापुरतंच. जायच्या दिवशी धाकटीने भाचीला कात्री दिली, बहिणीला "येते" म्हटलं. थोरली बसजवळ बराच वेळ उभी राहिली. धाकटीने खिडकी उघडली नाही.

नव्या सत्रात एका गुरुवारी पाचवीची पोरं, म्हणजे जुन्या 'ब'ची, मधल्या सुट्टीत थोरलीकडे आली. त्यांच्या नव्या बाईंना बातमीचा तास घ्यायचा नव्हता. थोरली नाही म्हणणार होती. मग दोन वेण्यांची मुलगी तिला त्यांच्यात दिसली, आणि ती म्हणाली, "बरं. शाळा सुटल्यावर, अर्धा तास."

तिचा तास धाकटीसारखा झाला नाही. कोणी लोटपोट हसलं नाही. ती फार सावकाश जायची, प्रत्येक बातमीआधी मुलांना विचारायची की यातलं कोणी तुमच्या ओळखीचं आहे का, आणि मग घरी जाऊन स्वतः पुन्हा खात्री करायची. पण पोरं यायची. तिसऱ्या आठवड्यात नदीच्या पुलाची एक बातमी आली, त्यात दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. कोणता खरा, ते कसं शोधायचं, हे काही केल्या थोरलीला सांगता येईना.

"मावशीला ठाऊक असेल," लेक म्हणाली. "तिला विचारूया?"

पुन्हा तेच टोचलं, अगदी त्याच जागी. आता जाईल, मग जाईल असं थोरलीला वाटत आलं होतं. ते गेलं नव्हतं, आणि जाईल असं आता वाटतही नव्हतं. तिने पर्समधून फोन काढला. तेरा पोरं तिच्या टेबलाभोवती गोळा झाली.

घंटा बराच वेळ वाजली. मग धाकटीने फोन उचलला.

"मी बोलतेय," थोरली म्हणाली. "मुलं अडलीत एका बातमीत. मलाही येत नाहीये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मथळा वाच आधी," धाकटी म्हणाली.